दर रविवारी किनारा साफ होतो, पुढच्या रविवारी कचरा तेवढाच

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही १५-२० जण गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलता. दर वेळी ३०-४० पोती भरतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेवढीच. माणसं थकून गळायला लागली आहेत. आता एका देणगीदारांनी वाळू चाळणारं यंत्र द्यायची तयारी दाखवली आहे. ते घ्यावं का, आणि मुळात या खटाटोपाचा उपयोग होतोय का, असं तुम्ही विचारलंय.

मी १९ वर्षं किनाऱ्यांवर हेच काम करतो आहे. आधी फक्त उचलत होतो, पुढे मोजायला शिकलो. आपण समुद्र उपसायला निघालोय की काय, ही शंका पहिल्या काही वर्षांत मलाही खात असे. म्हणून यंत्राचं नंतर बोलू, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. उपयोग होतो आहे, नक्की होतो आहे. फक्त पोत्यांच्या आकड्यात तो दिसत नाही.

प्लास्टिक पाण्यात झिजतं, पण त्याचा भुगा होण्याची खरी जागा वाळू आहे. पाण्यात ते थंड राहतं, त्यावर शेवाळाचा थर चढतो, ऊन कमी पोचतं. वाळूवर मात्र थेट ऊन, तापलेली वाळू आणि हवेतला प्राणवायू यांचा मारा एकदम होतो. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होतं, आणि मग लाटा व वाळू घासून घासून त्याचे तुकडे करतात. काही महिने उन्हात पडलेली पातळ पिशवी उचलून पाहा, वाळक्या पानासारखी हातात चुरते. २००४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्याच्या वाळूत आणि गाळात प्लास्टिकचे सूक्ष्म कण दाखवून दिले, तेव्हापासून ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला. आज ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना आपण तो वापरतो. अख्खा डबा एका हाताने उचलता येतो. त्याचे हजारो तुकडे वाळूत मिसळले की वाळूतल्या जिवांना धक्का न लावता ते वेगळे करता येत नाहीत. दोन वर्षांत तुम्ही वेळेवर उचललेली प्रत्येक बाटली, प्रत्येक डबा म्हणजे तेवढा भुगा व्हायचा टळला.

आता खरी अडचण. तुम्ही लिहिलंय, ‘कचरा परत येतो.’ माझ्या अनुभवाने सांगतो, तुमच्या त्या पोत्यांमध्ये चार वेगवेगळ्या वाटांनी आलेला कचरा एकत्र भरला जातोय. एक, किनाऱ्यावर येणाऱ्या माणसांनी मागे सोडलेला. दुसरा, ओढ्यानाल्यांतून आणि नदीतून वाहत आलेला. तिसरा समुद्राकडून आलेला, म्हणजे होड्या, जहाजं, जाळी आणि दूरच्या किनाऱ्यांवरून. आणि चौथा, तुमच्याच वाळूत आधीपासून गाडला गेलेला. चौघांवरचा इलाज वेगळा आहे. वाट ओळखल्याशिवाय नुसतं उचलत राहिलं की प्रत्येक रविवार मागच्यासारखाच दिसतो.

गाडलेल्या कचऱ्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. दक्षिण प्रशांत महासागरात हेंडरसन नावाचं निर्जन बेट आहे, सगळ्या मोठ्या वस्त्यांपासून हजारो किलोमीटर दूर. तिथल्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले: अंदाजे ३ कोटी ७७ लाख तुकडे, वजन सुमारे १७.६ टन, आणि त्यातले सुमारे ६८ टक्के तुकडे वाळूच्या वरच्या १० सेंटिमीटरच्या आत दडलेले. म्हणजे नजरेला पडत होता तो तिसरा हिस्सा. तुमच्या किनाऱ्यावरही वाळू ऋतूप्रमाणे सरकत असणार. खवळलेला समुद्र वाळू ओढून नेतो, शांत समुद्र परत आणून टाकतो. वाळू गेली की खालचा जुना साठा उघडा पडतो आणि आपल्याला वाटतं, नवा कचरा आला. जुना साठा ओळखणं सोपं आहे: रंग उडालेला, कडा गोल झालेल्या, हातात घेताच तुटणारा. असा माल जास्त निघत असेल तर खचू नका. तुम्ही शिल्लक काढताय आणि शिल्लक कधीतरी कमी होते. मी ज्या एका किनाऱ्यावर सर्वांत जास्त काळ काम केलं, तिथे ठिसूळ तुकडे ठळकपणे कमी झालेले दिसायला तिसरं वर्ष उजाडलं होतं.

बाकी तीन वाटा ओळखायला वस्तूच वाचाव्या लागतात. यात मला अजूनही रस वाटतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. पिशव्या आणि डबे ज्या पॉलिइथिलीनचे असतात ते, आणि बरीच बुचं व दोर ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात ते, दोन्ही पाण्याहून हलके, म्हणून तरंगतात. पेयाच्या बाटल्यांचं पेट प्लास्टिक १.३८ च्या आसपास, नायलॉन १.१४ च्या आसपास, म्हणजे जड. बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे. बूच निघून पाणी शिरलं की तळाला जाते, आणि बूच मात्र एकटं पुढे प्रवास करतं. त्यामुळे नुसती बुचंच बुचं सापडत असतील तर तो माल बरेच दिवस पाण्यात होता असं मी धरतो. बूच लावलेल्या, लेबल शाबूत असलेल्या, आत वाळू न गेलेल्या बाटल्या दिसल्या की उगम जवळ शोधतो.

मग वस्तूवर काय उगवलंय ते बघायचं. लवचिक देठ आणि टोकाला पांढरं कवच असलेले बार्नेकल नावाचे जीव तरंगत्या वस्तूंवर वाढतात. त्यांचे देठ दोन-तीन सेंटिमीटर लांब असतील तर ती वस्तू काही आठवडे किंवा महिने खुल्या समुद्रात होती. वस्तू कोरी असेल आणि तिच्यावर चिखलाचा वास किंवा पाण्यातल्या वनस्पतींची मुळं असतील तर ती नदी-ओढ्यातून आली. कडेला त्रिकोणी किंवा पाचरीसारखे चावे असतील तर मासे आणि कासवांनी ती तोंडात घेऊन पाहिलेली आहे. असे तुकडे वेगळे ठेवा, लोकांना दाखवायला लागतात.

छापील तारखा तर कधीच सोडू नका. दक्षिण अटलांटिकमधल्या इनॅक्सेसिबल बेटावर संशोधकांनी बाटल्यांवरचे उत्पादनाचे देश आणि तारखा तपासल्या. २०१९ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेक बाटल्या आशियात तयार झालेल्या आणि इतक्या ताज्या होत्या की प्रवाहाबरोबर तिथवर पोचायला त्यांना वेळच मिळाला नसता. म्हणजे त्या जवळून जाणाऱ्या जहाजांवरून पाण्यात टाकल्या गेल्या होत्या. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकायला मारपोल या जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून बंदी आहे. तरी हे चालतं, आणि ते पकडून दिलं एका छापील तारखेने.

हे सगळं कळायचं तर मोजावं लागतं. सगळा किनारा मोजायची गरज नाही. १०० मीटरचा एक पट्टा ठरवा, दोन्ही टोकांना न हलणारी खूण असू द्या, आणि दर वेळी पाण्याच्या कडेपासून वरच्या झुडपांपर्यंत तेवढाच पट्टा तपासा. शक्य असेल तर असे दोन पट्टे घ्या, एक ओढ्याच्या मुखाजवळ आणि एक त्यापासून लांब. उचललेली प्रत्येक वस्तू नगावर मोजायची: पिशव्या, बुचं, वेष्टनं, सिगारेटची थोटकं, दोराचे तुकडे, जाळ्याचे तुकडे, थर्माकोल, अख्ख्या बाटल्या, ओळखू न येणारे तुकडे. दहा-बारा रकाने पुरे. वजन हवं तर वेगळं लिहा, पण त्याच्यावर विसंबू नका. एक ओलं जाळं पाचशे पिशव्यांना झाकून टाकतं.

या मोजणीचं मोल किती, त्याचं मला फार आवडणारं उदाहरण आहे. स्वयंसेवकांकडून किनाऱ्यावर नगांची नोंद करून घेण्याची पद्धत १९८६ साली टेक्सासमध्ये एका सफाईपासून सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. २०२५ साली अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशाच हजारो सफायांच्या नोंदी घेऊन पिशवीबंदीचा परिणाम तपासला. जिथे बंदी किंवा शुल्क होतं तिथे, ते नसलेल्या भागांच्या तुलनेत, गोळा झालेल्या एकूण वस्तूंमधला पिशव्यांचा वाटा २५ ते ४७ टक्क्यांनी कमी भरला. त्या स्वयंसेवकांनी फक्त पोती मोजली असती तर हे कधीच सिद्ध झालं नसतं.

वेळेबद्दलही सांगायला हवं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती सर्वांत वर चढते आणि कचऱ्याची एक रेषा वर टाकून मागे जाते. पुढे भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत भरती खालीच राहते, म्हणून ती वरची रेषा दहा-बारा दिवस उन्हात तशीच पडून असते. पुढचं उधाण ती पुन्हा समुद्रात ओढतं किंवा आणखी वर झुडपांत ढकलतं. तुमचा रविवार कधी उधाणाआधी येतो, कधी नंतर. मी असं सुचवेन की महिन्यात चार रविवारांऐवजी दोनच फेऱ्या करा, अमावस्या आणि पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी. मेहनत निम्मी होईल, आणि समुद्राने परत न्यायच्या आत बहुतेक माल हाती येईल. थकलेल्या माणसांना हा बदल ऐकून बरं वाटेल. तिसरी फेरी राखून ठेवा ती पहिल्या मोठ्या पावसानंतरसाठी, किंवा समुद्राकडून दोन-तीन दिवस सलग जोराचा वारा वाहिल्यानंतरसाठी.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पट्टा ठरवा, नग मोजा, भरती बघून जा, आणि प्रत्येक वस्तू चारपैकी कुठल्या वाटेने आली याचा अंदाज लिहा. तीन-चार महिन्यांत एक वाट बाकीच्यांपेक्षा ठसठशीत दिसायला लागते. पुढचं काम कुठली वाट दिसते त्यावर अवलंबून आहे. तुमचा किनारा मी पाहिलेला नाही, त्याची दिशा, उतार, जवळची खाडी मला माहीत नाही, म्हणून तिथे नेमकं काय निघेल ते सांगता येणार नाही. पण प्रत्येक वाटेवर मी काय करत आलोय ते सांगतो.

ओढा निघाला तर तिथे सर्वांत लवकर फरक दिसतो. समुद्रात जाणारं प्लास्टिक मोजक्या महानद्यांतूनच येतं असं पूर्वी मानलं जायचं. २०२१ सालच्या एका अभ्यासाने दाखवलं की नद्यांतून येणाऱ्या प्लास्टिकचा ८० टक्के भाग हजाराहून जास्त नद्यांमध्ये विभागलेला आहे, आणि त्यांत शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. तुमचा लहानसा नाला क्षुल्लक नाही. आम्ही एका ओढ्यावर तरंगता अडसर बांधला: जाड दोर, त्यावर बोये, खाली फूटभर जाळीची झालर. पहिला अडसर आम्ही प्रवाहाला काटकोनात, सरळ आडवा बांधला, आणि पहिल्याच पुरात तो तुटून स्वतःच कचरा झाला. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. दुसऱ्या वेळी तिरका बांधला. तिरक्या अडसराला कचरा घासत घासत एका काठाशी येऊन थांबतो, पाण्याचा दाबही कमी पडतो. पण अडसर बांधणं हे काम सोपं. तो रोज सकाळी रिकामा करणारं माणूस ठरलेलं असणं हे खरं काम. तसं माणूस नसेल तर बांधू नका. मासे, होड्या आणि पुराचं पाणी यांना वाट राहील ना, हे पाहून स्थानिक प्रशासनाची परवानगी आधी घ्या. ओढ्यात भरतीचं पाणी उलटं चढत असेल तर जागा आणखी वर, भरती पोचत नाही तिथे निवडा.

दोर आणि जाळी जास्त निघाली तर मच्छीमारांकडे जा, आणि आरोप घेऊन जाऊ नका. प्रशांत महासागरातल्या मोठ्या कचरापट्ट्याच्या २०१८ सालच्या अभ्यासात वजनाने ४६ टक्के माल मासेमारीची जाळी होती, पण जाळं हरवणं हा मच्छीमाराचाच सर्वांत मोठा तोटा असतो, मुद्दाम कोण टाकेल? आमच्या एका पट्ट्यात बोटभर लांबीचे हिरवे-निळे दोराचे तुकडे शेकड्यांनी सापडायचे. दोन्ही टोकं सुरीने कापलेली. मूठभर तुकडे घेऊन मी धक्क्यावर गेलो. तिथल्या एका वयस्क मच्छीमारांनी बघताच सांगितलं, ‘जाळी शिवताना आम्ही कापून टाकतो ते हे.’ त्यांना ते कचऱ्यासारखं वाटलंच नव्हतं. जाळी शिवायला जिथे बसतात तिथे आम्ही तीन पिंपं ठेवली, आणि भरली की उचलायची जबाबदारी घेतली. वर्षभरात त्या पट्ट्यातले कापलेले तुकडे निम्म्याहून कमी झाले. एवढं मोठं यश मला पोत्यांनी कधी दिलं नव्हतं.

वाळूत मसुरासारखे, दोन ते पाच मिलिमीटरचे, एकसारखे गोल दाणे दिसतात का तेही पाहा. तो प्लास्टिक कारखान्यांचा कच्चा माल, धंद्यात त्याला दाणाच म्हणतात. तो वाहतुकीत सांडतो आणि गटारांतून समुद्रात जातो, किंवा जहाजाच्या अपघाताने येतो. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाजाला आग लागली, तेव्हा सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर पसरला. थोडा थोडा नेहमी सापडत असेल तर वरच्या बाजूला एखादं गोदाम किंवा कारखाना शोधा, तिथे झाकणी-जाळी बसवायला सांगा. एकाच दिवशी खूप दिसला तर हात लावण्याआधी प्रशासनाला कळवा, कारण अशा वेळी त्याच्यासोबत रसायनंही असू शकतात.

माणसांनी टाकलेला कचरा निघाला तर मला वेगळं सांगायला नको. एकच गोष्ट: कचरापेटी भरतीच्या पलीकडे, वाऱ्याने उघडणार नाही अशा झाकणाची, आणि गर्दीच्या दिवशी संध्याकाळी रिकामी होणारी असावी. ओसंडलेली पेटी असण्यापेक्षा नसलेली बरी.

आता यंत्र. सपाट, कायम गर्दीचा, थोटकं आणि काचांनी भरलेला पोहण्याचा किनारा असेल तर यंत्र उपयोगी पडतं. तुमच्या वर्णनावरून तुमचा किनारा तसा वाटत नाही, तिथे झुडपं आणि मुळं आहेत, शैवाल येऊन पडतं. यंत्र वाळूचा वरचा थर उचलून चाळतं आणि प्लास्टिकसोबत शैवालही नेतं. त्या सुकत्या शैवालात उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव राहतात, त्यांच्यावर किनाऱ्याचे पक्षी जगतात, आणि तेच शैवाल उडती वाळू अडवून किनारा धरून ठेवतं. कासवं अंडी घालत असतील तर यंत्राचा विचारही करू नका. चाकांखाली घरटी दबतात. शिवाय जाळी आणि दोर त्यात अडकतात, आणि थर्माकोलचे ते आणखी दाणे करून टाकतं. हाताने उचलणाऱ्या माणसाला शैवाल बाजूला करून बूच काढता येतं. देणगीदारांना यंत्राऐवजी अडसर, पिंपं आणि अडसर रिकामा करणाऱ्या दोन माणसांचं वर्षभराचं मानधन मागा. मोजणीचे तीन महिन्यांचे तक्ते समोर ठेवलेत तर ते ऐकतील असं मला वाटतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. भरलेली पोती त्याच दिवशी हलली पाहिजेत. एकदा गाडी ठरवलेल्या माणसाने यायचं टाळलं, आम्ही पोती किनाऱ्याच्या वरच्या कडेला ठेवून घरी गेलो, आणि रात्रीच्या उधाणाने ती सगळी उघडून परत नेली. तेव्हापासून गाडी दारात उभी असल्याशिवाय आम्ही पहिली वस्तू उचलत नाही. किनाऱ्यावरच जाळणं किंवा खड्ड्यात पुरणं कधीच नको. खारावलेलं, वाळूने माखलेलं, उन्हाने कमकुवत झालेलं प्लास्टिक पुनर्वापराला फारसं चालत नाही. अख्ख्या बाटल्या, डबे आणि स्वच्छ दोर वेगळे काढा, बाकीचा माल नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या कचरा व्यवस्थेत जाऊ द्या.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. जाड हातमोजे, पायात बंद बूट. सुया दिसल्या तर मोठ्यांनीच, चिमट्याने, जाड झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. बंद पिंपं, अनोळखी नळकांडी, संकटात सोडायचे दिवे यांना कोणी स्पर्श करायचा नाही, खूण करून कळवायचं. अर्धं गाडलेलं जाळं ओढू नका, ओढलं तर ते मध्येच तुटतं आणि खालचा भाग कायमचा राहतो. बाजूची वाळू खणून मोकळं करा, आणि आधी आत जिवंत कासव, खेकडा किंवा पक्षी अडकलेला आहे का ते पाहा. थर्माकोलचे तुकडे वाऱ्याच्या दिवशी आधी उचला, दाबून कोंबू नका.

येत्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी तुमचा पहिला १०० मीटरचा पट्टा घ्या. त्या दिवशी मोजणीला चारच माणसं असली तरी चालतील: दोघं उचलणारे, एक नग सांगणारा, एक लिहिणारा.